मशीनचं कूलंट खराब का होतं, आणि साफ करून परत कसं वापरायचं

कूलंटला, म्हणजे धातू कापताना टूलवर (कापणाऱ्या हत्यारावर) सोडतात त्या द्रवाला, वास यायला लागला की बऱ्याच ठिकाणी एकच उपाय केला जातो, टाकी रिकामी करायची, नवीन तेल-पाणी मिसळून भरायचं आणि मशीन पुन्हा चालू. काही आठवड्यांनी तोच वास परत. मग म्हणतात हे कूलंटच बेकार आहे, कंपनी बदलूया. कंपनी बदलतात आणि वास येतोच. कारण कूलंट जुनं झालं म्हणून खराब होत नाही, त्यात घाण साठत जाते म्हणून खराब होतं, आणि ती घाण वेळेवर काढत राहिलं तर तेच कूलंट कितीतरी जास्त दिवस चालतं. यात "वेळेवर" हा शब्द मी मुद्दाम म्हणतोय. कूलंट रिसायकल करणं म्हणजे सडलेलं कूलंट जिवंत करणं अशी समजूत असते, तसं नाहीये ते. सडलेलं कूलंट कुठल्याही मशीनमधून फिरवलं तरी चांगलं होत नाही. रिसायकल करायचं ते चांगलं असतानाच करायचं.

आता मुळापासून बघू. लेथवर किंवा मिलिंगवर धातू कापताना बहुतेक उष्णता दोन ठिकाणी तयार होते, एक म्हणजे चिप (धातूचा सुटणारा तुकडा) सोलून वर येताना धातू वाकतो-दबतो तिथे, आणि दुसरी चिप टूलच्या तोंडावरून घासत जाते तिथे. ही उष्णता काढली नाही तर टूल मऊ पडून झिजतं, जॉब (जो तुकडा कापतोय तो) गरम होऊन फुगतो आणि साइज चुकते. नुसत्या पाण्यानेसुद्धा किती फरक पडतो हे फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १८८० च्या दशकात दाखवलं होतं, कापण्याच्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली आणि कटिंग स्पीड ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता आला. पण पाण्याने गंज चढतो आणि पाण्याला वंगणाचा गुण नाही. तेलाला वंगणाचा गुण आहे पण ते उष्णता पाण्याइतकी ओढून घेत नाही. म्हणून दोन्ही एकत्र आणायची धडपड, आणि त्यातून आजचं कूलंट आलं.

तेल आणि पाणी आपणहून मिसळत नाहीत, तर कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळायच्या मूळ घट्ट द्रवात, इमल्सिफायर घातलेला असतो, त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्यात राहतं. त्यामुळे तेलाचे अगदी बारीक थेंब होतात, साधारण मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, काही त्याहून लहान, आणि ते पाण्यात पसरून राहतात. या थेंबांवर प्रकाश विखुरतो म्हणून सोल्युबल ऑइलचं कूलंट दुधासारखं पांढरं दिसतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, बहुतेक कूलंटमध्ये या थेंबांवर एकाच जातीचा विद्युत भार असतो त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि एकत्र येऊन मोठे होत नाहीत. हा भार गेला की कूलंट फुटतं, तेल वर आणि पाणी खाली. पुढे जे जे बिघाड सांगणार आहे त्यातले निम्मे फिरून फिरून इथेच येतात.

प्रकार चार. नीट ऑइल, यात पाणीच नाही. सोल्युबल ऑइल, जे पांढरं होतं. सेमी-सिंथेटिक, यात खनिज तेल कमी आणि थेंब आणखी बारीक म्हणून अर्धवट पारदर्शक. आणि सिंथेटिक, यात खनिज तेल नाहीच, सगळं पाण्यात विरघळलेलं. नीट ऑइलची गोष्ट सोपी आहे, पाणी नाही म्हणून बॅक्टेरिया वाढत नाहीत, चांगलं फिल्टर करत राहिलात आणि पाणी शिरू दिलं नाही तर ते वर्षानुवर्षं चालतं, तिथे काळजी आगीची आणि धुराची. खरी कटकट पाणी मिसळून वापरायच्या तीन प्रकारांची आहे, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

घाण कुठून येते

पहिली घाण म्हणजे धातूचा चूर. मोठ्या चिप्स कन्व्हेयर घेऊन जातो, त्यांचा फार त्रास नाही. त्रास बारीक कणांचा, जे जाळीतून सुटतात आणि टाकीच्या तळाला बसतात. हे कण इतके बारीक की थोड्याशा वजनातसुद्धा त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड होतो, आणि त्या पृष्ठभागावर कूलंटमधली गंजरोधक आणि वंगणाची द्रव्यं चिकटून बसतात. म्हणजे तुम्ही कॉन्सन्ट्रेट टाकताय पण त्यातला काही भाग गाळालाच जातो. शिवाय हा गाळ पंप झिजवतो, नोझल तुंबवतो, आणि ग्राइंडिंगमध्ये तर चाक आणि जॉबच्या मध्ये सापडून सरळ रेघोट्या मारतो. कास्ट आयर्न सगळ्यात वाईट, त्याचा काळा चूर तळाला बसून घट्ट थर होतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही, खरवडावा लागतो. पितळ-तांबं कापताना तांबं थोडं थोडं विरघळतं आणि कूलंटला निळसर-हिरवी छटा येते. कार्बाइड ग्राइंड करताना कोबाल्ट विरघळतो, आणि तो आरोग्याला घातक आहे, म्हणून त्या कामाला कोबाल्ट विरघळू न देणारं वेगळं कूलंट येतं तेच वापरावं. विरघळलेला धातू कुठल्याही साध्या फिल्टरने निघत नाही हे इथेच सांगून ठेवतो.

दुसरी घाण म्हणजे परकं तेल, ज्याला ट्रॅम्प ऑइल म्हणतात. स्लाइडवेला (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांना) सोडलेलं वंगण, हायड्रॉलिकची गळती, स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) तेल, कच्च्या मालावर आधीच लावलेलं गंजरोधक तेल, हे सगळं वाहत वाहत कूलंटमध्येच येतं. त्यातलं जे मोकळं असतं ते वर तरंगतं आणि तवंग होतो. पण काही भाग पंपाच्या घुसळणीत बारीक होऊन कूलंटमध्येच मिसळून जातो, आणि तो काढणं अवघड. वर आलेला तवंग दिसतो म्हणून लोक तेवढ्याचीच काळजी करतात, पण मिसळलेलं तेल जास्त छळतं, ते गरम टूलवर जळून धूर करतं, जॉबवर चिकट थर सोडतं, आणि इमल्सिफायर खाऊन टाकतं.

तिसरे बॅक्टेरिया. पाणी आहे, ऊब आहे, खायला तेल आणि इतर सेंद्रिय द्रव्यं आहेत, त्यांना आणखी काय पाहिजे. अनुकूल परिस्थितीत काही जाती २०-३० मिनिटांत दुप्पट होतात. आधी ऑक्सिजनवर जगणारे वाढतात, ते कूलंटमधली द्रव्यं खाऊन आम्ल सोडतात त्यामुळे पीएच खाली येतो. आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. मग शनिवारी मशीन बंद होतं, वर तेलाचा तवंग पसरलेला असतो त्यामुळे नवीन हवा आत जात नाही, आणि तळाच्या गाळात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या दुसऱ्या जातीची चंगळ होते. हे बॅक्टेरिया पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. सोमवारी सकाळी पंप चालू केला की दोन दिवस साठलेला वायू एकदम बाहेर पडतो आणि सगळं शॉप घाणतं. म्हणजे बघा, गाळ, तवंग आणि बॅक्टेरिया या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत, एक दुसऱ्याला पोसतो. गाळ काढला आणि तवंग काढला तर वासाचं अर्ध्याहून जास्त काम आपोआप होतं असं माझं ठाम मत आहे, आणि लोक मात्र उलट्या क्रमाने आधी जंतुनाशक ओततात.

चौथी घाण डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे क्षार. कूलंटमधून वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. समजा टाकी २०० लिटरची आहे, पाण्यात १५० पीपीएम (दहा लाख भागांत १५०) कडकपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आहे आणि रोज १० लिटर पाणी उडतं तेवढंच तुम्ही परत भरता. २० दिवसांत तुम्ही आणखी एक अख्खी टाकीभर पाणी ओतलेलं असतं आणि त्याचेही सगळे क्षार आत, म्हणजे कडकपणा ३०० च्या घरात. (चिप्सबरोबर थोडं कूलंट जातं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण चित्र हेच.) आता वर सांगितलेला थेंबांवरचा भार आठवा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तोच भार मारतात, मग कूलंट फुटायला लागतं आणि टाकीच्या कडेला चिकट साबणासारखा थर येतो. क्लोराइड वाढलं की गंज. सल्फेट वाढलं की वासाच्या बॅक्टेरियांना खुराक. म्हणून निदान टॉप-अपसाठी तरी आरओचं किंवा डीआयनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी वापरावं, हा उपाय कंटाळवाणा आहे पण याच्याइतका फायदा फार थोड्या गोष्टी देतात. फक्त पहिल्यांदा भरताना अगदीच मऊ पाणी घेतलं तर काही कूलंटना फेस येतो, तेव्हा ज्याचं कूलंट आहे त्याला विचारून पाणी ठरवा.

मोजल्याशिवाय काही कळत नाही

रंग बघून, बोटाने चोळून, वास घेऊन कूलंट सांभाळता येत नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. दोन गोष्टी नियमित मोजायच्या, कॉन्सन्ट्रेशन आणि पीएच.

कॉन्सन्ट्रेशनसाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवात प्रकाश किती वाकतो ते दाखवणारं छोटं उपकरण. त्यात एक थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचं, रेघ जिथे दिसते तो ब्रिक्सचा आकडा. पण तो आकडा म्हणजे टक्केवारी नाही, ही चूक फार सर्रास होते. प्रत्येक कूलंटचा एक फॅक्टर असतो, त्याने गुणायचं. ब्रिक्स ५ आला आणि फॅक्टर १.५ असेल तर कॉन्सन्ट्रेशन ७.५ टक्के. मोजण्याआधी आपण जे पाणी वापरतो त्याच पाण्याने झीरो करायचं. रेघ स्पष्ट न दिसता धूसर दिसली तर समजायचं की परकं तेल मिसळलंय, आणि अशा वेळी रिफ्रॅक्टोमीटर आकडा जास्त दाखवतो, म्हणजे तुम्हाला वाटतं ८ आहे आणि खरं त्यापेक्षा कमी असतं. जुन्या कूलंटसाठी अधूनमधून टायट्रेशन (रसायन थेंब थेंब घालून मोजणं) करून खात्री करून घ्यावी.

पीएच बहुतेक कूलंटचा ८.५ ते ९.५ च्या मध्ये असतो. खाली यायला लागला तर बॅक्टेरिया वाढतायत, गंज आणि फुटणं जवळ आलंय. फार वर गेला तर हाताची कातडी सुकते, भेगा पडतात, अॅल्युमिनियमवर डाग येतात. एका दिवसाच्या आकड्यात फार काही नसतं, तो आठवड्या-आठवड्याला कुठे सरकतोय ते बघायचं, म्हणून मशीनवरच एक तक्ता लावून लिहून ठेवायचं. बॅक्टेरियांसाठी डिपस्लाइड मिळते, बुडवायची, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची आणि ठिपके चार्टशी जुळवायचे.

टॉप-अपचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे अंदाजाने ओतणं थांबेल. २०० लिटरच्या टाकीत १८० लिटर उरलंय, कॉन्सन्ट्रेशन ८.५ टक्के आहे, आपल्याला ८ पाहिजे. आत्ता आत कॉन्सन्ट्रेट आहे १५.३ लिटर, पाहिजे १६ लिटर, म्हणजे ०.७ लिटर कमी. तेवढं २० लिटर पाण्यात मिसळून टाकायचं, म्हणजे टॉप-अप साडेतीन टक्क्यांचा झाला. नुसतं पाणी ओतत राहिलं तर कूलंट हळूहळू दुबळं होतं, आणि दरवेळी ८ टक्क्यांचं ओतलं तर कॉन्सन्ट्रेशन चढत जातं, मग फेस आणि हातांना त्रास. मिसळताना आधी पाणी घ्यायचं, मग त्यात कॉन्सन्ट्रेट सोडायचं आणि ढवळायचं. उलट केलं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी ओतलं, तर तेलात पाण्याचे थेंब होऊन जाड गोळा होतो आणि तो नंतर नीट विरघळत नाही. आणि हे मिसळायचं बाहेर, बादलीत किंवा मिक्सरने, मशीनच्या टाकीत थेट कॉन्सन्ट्रेट कधीही ओतू नका.

साफ करायची साधनं

सगळी साधनं तीनच गोष्टी करतात, जड ते खाली बसू देणं, हलकं ते वर येऊ देणं, आणि उरलेलं गाळून घेणं. वर येण्याचा किंवा खाली बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, हा स्टोक्सचा नियम, आणि कुठलं साधन कधी चालतं हे जवळपास सगळं या एका नियमातून समजतं. व्यास निम्मा झाला की वेग एक चतुर्थांश. तेलाचा १०० मायक्रॉनचा थेंब ३० सेंटिमीटर वर यायला साधारण ८ मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा तोच प्रवास साधारण १३ तासांत करतो, आणि १ मायक्रॉनचा घेईल दोन महिन्यांच्या जवळपास. म्हणून मोकळं परकं तेल रात्रभरात वर येतं, घुसळून बारीक झालेलं येत नाही, आणि कूलंटचं स्वतःचं तेल, जे आपल्याला पाहिजेच आहे, ते तर वर येतच नाही. निसर्गाने ही सोय करून ठेवलीय की नको ते तेल आणि हवं ते तेल थेंबाच्या आकारावरून वेगळं करता येतं.

वर आलेल्या तेलासाठी स्किमर. बेल्टचा, डिस्कचा किंवा नळीचा, तत्त्व एकच, तेल ज्या पृष्ठभागाला चिकटतं तो पृष्ठभाग तवंगातून फिरवायचा आणि बाहेर पुसून घ्यायचा. स्किमर चालवायचा तो कूलंट शांत असताना, म्हणजे मशीन बंद झाल्यावर तेल वर आलं की काही तास, टायमर लावून. दिवसभर चालू ठेवला तर तेल संपल्यावर तो चांगलं कूलंटही ओढत बसतो. आणि टाकीचा जो कोपरा शांत असतो, जिथे तेल गोळा होतं, तिथे लावायचा.

कोअलेसर याच्या पुढची पायरी. यात तेलाला चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेट किंवा भराव असतो, कूलंट त्यातून सावकाश सोडतात, बारीक थेंब प्लेटला चिकटतात, शेजारच्या थेंबाला मिळून मोठे होतात आणि मग वर येतात. थेंब मोठा केला की वेग वर्गाने वाढतो, एवढीच युक्ती आहे, पण सुंदर आहे. अट अशी की आधी गाळ काढलेला पाहिजे, नाहीतर प्लेट लिंपून जातात आणि काम बंद.

सेंट्रिफ्यूज म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट जोर लावून जे १३ तासांत होणार होतं ते काही सेकंदांत करणं. बारीक तेल आणि बारीक गाळ दोन्ही निघतात. महाग असतं, साफसफाई मागतं, आणि कूलंट आधीच डळमळीत झालं असेल तर त्यातलं कामाचं तेलही बाहेर फेकू शकतं. एका-दोन मशीनसाठी घेऊ नये, खूप मशीन असतील तर विचार करावा.

गाळासाठी काय लावायचं ते धातूवर ठरतं. पोलाद आणि कास्ट आयर्नसाठी मॅग्नेटिक सेपरेटर, चुंबकाचा ड्रम फिरतो आणि चूर ओढून बाहेर टाकतो, कागद लागत नाही की जाळी लागत नाही, ग्राइंडिंगच्या मशीनवर फार उपयोगी. अॅल्युमिनियमला चुंबक चालत नाही, आणि ते हलकं असल्यामुळे त्याच आकाराच्या पोलादी कणापेक्षा चौपट हळू खाली बसतं, म्हणून तिथे पेपर बँड फिल्टर (सरकत्या कागदावरून गाळणारा) किंवा ड्रम फिल्टर (फिरत्या जाळीच्या पिंपातून गाळणारा). हायड्रोसायक्लोनमध्ये कूलंट गोल फिरवून जड कण बाजूला फेकतात, त्यात हलणारा भाग नाही, पण परक्या तेलाचं प्रमाण जास्त असेल तर ते तेल आणखी घुसळलं जातं. बॅग फिल्टर सगळ्यात स्वस्त, २५-५० मायक्रॉनच्या बॅगने सुरुवात करायची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो म्हणजे कल्पना येईल. जितका बारीक फिल्टर तितकं चांगलं असं नाही, फार बारीक घेतला तर तो पटापट तुंबतो आणि फिल्टर बदलण्यातच वेळ जातो. स्पिंडलमधून हाय प्रेशर कूलंट जात असेल तरच त्या लाइनला बारीक फिल्टर लावायचा.

आता रिसायकल

मोठ्या ठिकाणी सगळ्या मशीनचं कूलंट एकाच मध्यवर्ती टाकीत येतं आणि सतत साफ होऊन परत जातं. स्वतंत्र टाक्या असतील तर पद्धत अशी: व्हॅक्यूमच्या गाडीने, म्हणजे संप क्लीनरने, एका मशीनचं कूलंट चिप्ससकट ओढून घ्यायचं, गाडीतच चिप्स जाळीवर अडतात, कूलंट "मळक्या" टाकीत सोडायचं, तिथे ते रात्रभर शांत ठेवायचं. गाळ बसतो, तेल वर येतं ते स्किम करायचं. मग बॅग फिल्टर, मग कोअलेसर किंवा सेंट्रिफ्यूज, आणि "स्वच्छ" टाकीत. तिथे कॉन्सन्ट्रेशन आणि पीएच मोजून, कमी असेल तेवढं कॉन्सन्ट्रेट आणि चांगलं पाणी घालून, परत मशीनमध्ये. काही जण मध्ये पाश्चरायझरही लावतात, कूलंट साधारण ७०-८० अंशांपर्यंत तापवून बॅक्टेरिया मारायचे. चालतं, पण वीज लागते आणि प्रत्येक कूलंटला ती उष्णता सोसत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. स्वच्छ टाकीत कूलंट पडून राहणार असेल तर त्यात थोडी हवा सोडत राहा किंवा फिरवत राहा.

प्रत्येक मशीन वेळापत्रकाने घ्यायचं, समजा महिना-दीड महिन्याला एकदा, वास येवो न येवो. हेच ते "वेळेवर". ज्या मशीनचं कूलंट सडलंय, काळं पडलंय, पीएच कोसळलाय, ते रिसायकलच्या टाकीत अजिबात घालायचं नाही, कारण त्यातले बॅक्टेरिया तिथून सगळ्या मशीनना वाटले जातील. ते वेगळं, टाकाऊ म्हणून जाईल. तसंच दोन वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एका टाकीत मिसळायची नाहीत, त्यांची रसायनं एकमेकांशी भांडतात. रिसायकल करायचं ठरवलं तर आधी शक्य तितक्या मशीनना एकच कूलंट करा.

आणि रिसायकलने काय होत नाही तेही स्पष्ट सांगतो. क्षार निघत नाहीत. विरघळलेलं तांबं किंवा कोबाल्ट निघत नाही. खर्च झालेली गंजरोधक द्रव्यं आपोआप परत येत नाहीत, ती नवीन कॉन्सन्ट्रेटबरोबरच येतात. जे परकं तेल पार एकजीव झालंय ते बऱ्यापैकी तसंच राहतं. म्हणून कधीतरी काही भाग किंवा सगळं कूलंट बदलावंच लागतं, क्षार किती साठले ते कंडक्टिव्हिटी मीटरने, म्हणजे द्रवातून वीज किती वाहते ते मोजून, कळतं.

मशीनची टाकी रिकामी झालीच आहे तर ती नीट धुवायची हे माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. टाकीच्या कोपऱ्यात, पाइपच्या आत, कन्व्हेयरखाली बुळबुळीत थर बसलेला असतो, तो बॅक्टेरियांचाच असतो. तो ठेवून वर कोरं कूलंट ओतलं तर ते काही दिवसांत बिघडतं, सुरुवातीला सांगितलेली तक्रार बहुतेक वेळा यामुळेच. जुनं कूलंट काढून टाकायचं ठरलं असेल तर ते काढायच्या आधी त्यातच सिस्टिम क्लीनर घालून, साधारण १-२ टक्के, एक-दोन शिफ्ट मशीन तसंच चालू ठेवायचं, म्हणजे पाइपसुद्धा आतून सुटतात. मग उपसायचं, गाळ हाताने खरवडायचा, दुबळं ताजं कूलंट फिरवून खंगाळायचं, ते काढायचं आणि लगेच नवीन भरायचं. नुसत्या पाण्याने धुऊन तसंच ठेवलं तर काही तासांत गंज दिसतो.

चिप्सबरोबर जाणारं कूलंट लोक हिशोबातच धरत नाहीत. चिप्स ओल्या टाकल्या की प्रत्येक ट्रॉलीबरोबर कूलंट चाललं. ट्रॉलीला तळाशी गाळणी आणि निचऱ्याची वाट केली तरी फरक पडतो, चिप्स खूप असतील तर त्या गरगर फिरवून सुकवणारं रिंगर मशीन येतं, सुक्या चिप्सला भंगारात भावही बरा मिळतो. ते परत मिळालेलं कूलंट मात्र गाळाने भरलेलं असतं, ते थेट मशीनमध्ये नाही, मळक्या टाकीत.

जंतुनाशकाबद्दल, कारण सगळे तेच पहिल्यांदा विचारतात. ते वाईट नाही पण जपून वापरायची गोष्ट आहे. ते तरंगणारे बॅक्टेरिया मारतं, गाळाच्या आत आणि थराखाली बसलेल्यांपर्यंत पोचत नाही. आणि डोस जास्त झाला तर ऑपरेटरच्या हातावर पुरळ, ॲलर्जी, जी एकदा झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणालाही उठते. लेबलवरचं प्रमाण पाळा, मोजून टाका, हातमोजे आणि चष्मा घाला. घरगुती ब्लीच तर अजिबात नको, क्लोराइड वाढून गंज येतो आणि इतर रसायनांशी मिसळून त्रासदायक वायू सुटू शकतात. नायट्राइटवाली गंजरोधक द्रव्यंही स्वतःच्या मनाने मिसळू नका, कूलंटमधल्या काही अमाइनशी (पीएच टिकवायला घातलेल्या द्रव्यांशी) मिळून कॅन्सरकारक नायट्रोसामाइन तयार होतात.

मशीनसमोर आठ-दहा तास माणूस उभा असतो, आणि त्याच्या नाकात जातात ते याच कूलंटचे तुषार. मेलेल्या बॅक्टेरियांचे अवशेषही त्यात असतात, म्हणजे मारून टाकले आणि विषय संपला असं होत नाही. घाण कूलंटच्या तुषारांमुळे फुप्फुसाचा एक ॲलर्जीसारखा आजार होतो, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, खोकला, ताप आल्यासारखं वाटणं, धाप, आणि सुट्टीत बरं वाटतं म्हणून कोणाला संशय येत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये हवेतल्या या तुषारांसाठी घनमीटरला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, ती श्वासनलिकेच्या आत पोचणाऱ्या कणांसाठी आहे. कोणाला अशी धाप कामाच्या दिवशीच लागत असेल तर डॉक्टरला कूलंटबद्दल सांगा, त्यांना ते आपणहून सुचेलच असं नाही. मशीनचं दार बंद ठेवणं, मिस्ट कलेक्टरचा (तुषार ओढून घेणाऱ्या यंत्राचा) फिल्टर बदलणं, कॉम्प्रेस्ड हवेने कूलंट न उडवणं, टाकीत थुंकणं आणि चहा ओतणं बंद करणं, या साध्या गोष्टींनी खूप फरक पडतो.

शेवटी जे टाकायचंच आहे त्याचं. ते गटारात किंवा जमिनीवर नाही, बेकायदेशीर तर आहेच, आणि तेल पाण्यावर पसरून पाण्यातला ऑक्सिजन तोडतं. ५ टक्क्यांच्या कूलंटमध्ये ९५ टक्के पाणीच असतं, म्हणून आधी पाणी वेगळं करून टाकाऊ माल कमी करतात. एक मार्ग म्हणजे आम्ल किंवा तुरटी घालून थेंबांवरचा भार मारायचा, जी गोष्ट इतके दिवस टाळत होतो तीच मुद्दाम करायची, की तेल वेगळं होतं. दुसरा अल्ट्राफिल्ट्रेशन, त्याच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की तेलाचा थेंब अडतो आणि पाणी जातं. (म्हणूनच चालू इमल्शन कूलंटला हा फिल्टर कधी लावायचा नाही, तो कूलंटच गाळून काढेल.) तिसरा व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर, हवेचा दाब कमी करून पाण्याची वाफ करून वेगळं काढणारा. यातून निघालेलं पाणी स्वच्छ दिसतं पण अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पाण्यात अमाइन आणि जंतुनाशक विरघळलेलं राहतं, ते तपासून आणि पुढची प्रक्रिया करूनच सोडायचं. उरलेला घट्ट भाग, गाळ, वापरलेल्या बॅगा आणि कागद परवानाधारक माणसाकडेच द्यायचं. स्किमरने काढलेलं तेल मात्र वेगळ्या पिंपात ठेवा, त्याच्या तळाला कूलंट साठतं ते खालच्या नळाने काढून मळक्या टाकीत घ्या, आणि त्या पिंपात थिनर किंवा डिग्रीझर पडू देऊ नका, कारण नुसतं तेल असेल तर ते रिफायनिंगला घेतलं जातं आणि सॉल्व्हंट मिसळलं की तेच तेल घातक कचऱ्यात मोजलं जाऊ शकतं.